चिंता देवावर टाकायची म्हणजे नेमके काय करायचे? नव्याने सुरुवात करणाऱ्या कास्तकारांसाठी

चिंता देवावर टाका, असे मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, जवळजवळ दर रविवारी ऐकायला मिळते. ती टाकायची कशी, हे मात्र क्वचितच कोणी उलगडून सांगते. नव्याने प्रभू येशूकडे आलेला, किंवा ख्रिस्ती घरात जन्मूनही आजवर बायबल फारसे न उघडलेला माणूस उपासनेतून हलक्या मनाने घरी येतो, आणि रात्री बाजेवर पडताच बँकेची नोटीस, पिवळे पडत चाललेले सोयाबीन आणि मुलीचे लग्न पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहते. मग आपलाच विश्वास कमी आहे असे तो धरून चालतो आणि मूळच्या चिंतेत या नव्या चिंतेची भर पडते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात कोरडवाहू शेती करतो. बोंडअळीची आणि दुबार पेरणीची वर्षे मी पाहिली आहेत, आणि आमच्या मंडळीच्या घरसभांमध्ये, म्हणजे घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभांमध्ये, बरीच वर्षे बसत आलो आहे. तिथे जे उपयोगी पडताना पाहिले, ते इथे क्रमाने मांडले आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. या पायऱ्यांनी कर्ज फिटेल किंवा पाऊस वेळेवर येईल, असे आश्वासन मी देत नाही. येशूनेही शिष्यांना तसे आश्वासन दिलेले नाही. ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे आहे, हे त्याचेच बोल आहेत, म्हणजे दिवसाला दुःख असणार हे त्याने गृहीत धरले आहे. देवावर चिंता टाकणे हे रोज करायचे काम आहे, आणि शेतातल्या कोणत्याही कामासारखे ते शिकता येते.

हाताशी काय असावे

- मराठी बायबल. जुन्या भाषांतराची भाषा जड वाटत असेल, तर सोप्या मराठीतील भाषांतर घ्यावे. मोबाइलवरचे बायबल चालते, पण रात्री वाचताना मध्येच येणारे निरोप लक्ष विचलित करतात, म्हणून छापील प्रत बरी.
- एक साधी दोनशे पानी वही आणि पेन.
- घरातले कागद एका पिशवीत: सातबारा, आठ-अ, बँकेचे पासबुक, पीक विम्याची पावती, कृषी केंद्राची बिले, सावकाराकडून घेतले असल्यास त्याची नोंद. प्रार्थनेला सातबारा कशाला, असे वाटेल. त्याचे उत्तर पहिल्याच पायरीत आहे.
- ज्याच्याशी मोकळेपणी बोलता येईल असा एक माणूस.

१. चिंतेला नाव द्या आणि ती कागदावर उतरवा

मोघम चिंता सर्वांत जास्त छळते. "काय होईल कोणास ठाऊक" या वाक्याला ना बूड ना शेंडा; त्यावर ना उपाय करता येतो, ना धड प्रार्थना करता येते. म्हणून पहिल्या दिवशी फक्त एवढेच करा: शांत बसून, मनात येईल त्या क्रमाने, प्रत्येक चिंता एका ओळीत लिहा. आमच्या घरसभेत नमुना म्हणून जे पान दाखवले जाते, ते साधारण असे असते:

बँक: मागचे पीक कर्ज थकले, नवे मिळते की नाही.
सोयाबीन: नाल्याकडच्या धुऱ्याजवळ पिवळे पडत आहे.
आई: गुडघा सुजला, गोळ्या संपल्या.
मोठी मुलगी: बारावीनंतर अमरावतीला पाठवायचे का.
लोक काय म्हणतील.

ही शेवटची ओळ बहुतेकांच्या वहीत सर्वांत शेवटी येते, आणि पुष्कळदा तीच सर्वांत जड असते. ती लिहायला लाजू नका. वही तुमची आहे.

बँकेच्या ओळीसमोर आकडा लिहा. अंदाज नको, पासबुकातला आकडा हवा. पिशवीतले कागद त्यासाठीच आहेत. कर्जाचा आकडा अनेक घरांत वर्षानुवर्षे कोणी उच्चारतही नाही आणि घरधन्याखेरीज तो कोणाला माहीतही नसतो. या ठिकाणी बायबलमधल्या २ राजे या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातली विधवेची हकिकत वाचावी, कारण ती अगदी आपल्याकडची वाटते. नवरा वारला आहे, कर्ज मागे राहिले आहे, आणि सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला आला आहे. ती अलीशा संदेष्ट्याकडे जाऊन सगळे स्पष्ट सांगते. तो तिला विचारतो की तुझ्या घरात काय आहे, ते मला सांग. तेलाच्या एका कुपीखेरीज काही नाही, असे ती म्हणते. मग तो तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, आणि थोडीथोडकी नको, असे बजावतो. तेल वाढते, आणि शेवटी सूचना मिळते ती अशी: तेल विक, कर्ज फेड, आणि उरेल त्यावर तू व तुझी मुले गुजराण करा. या हकिकतीत चमत्कार आहेच. पण त्याच्या आधी देण्याची कबुली आहे, घरातल्या शिल्लक वस्तूची मोजदाद आहे आणि शेजाऱ्यांच्या दारी जाणे आहे. म्हणून चिंतांच्या पानासमोरच्या पानावर घरात काय आहे तेही लिहा: दोन शेळ्या, शिलाई यंत्र, भावाचा बैल, तुरीची उभी ओळ. हे पान बहुतेक जण टाळतात, आणि नेमके तेच टाळायचे नसते.

२. तुमचे काम कोणते आणि देवाचे कोणते, ते वेगळे करा

आता प्रत्येक ओळीसमोर "मी" किंवा "देव" अशी खूण करा. कधी दोन्ही खुणा येतील. आईच्या गोळ्या आणणे हे तुमचे काम. गुडघा बरा होणे तुमच्या हातात नाही. सोयाबीनचे पान घेऊन कृषी सहायकाला दाखवणे तुमचे काम. पावसाचा खंड तुमच्या हातात नाही. बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाची चौकशी करणे तुमचे काम; साहेब काय म्हणतील, ते नाही.

विश्वास ठेवला म्हणजे हातपाय हलवू नयेत, असे काहींना वाटते, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील पाखरांचा दाखला ते त्यासाठी पुढे करतात. पाखरे पेरीत नाहीत, कापणी करीत नाहीत, कोठारांत साठवीत नाहीत, तरी स्वर्गीय पिता त्यांना खाऊ घालतो, असे येशू म्हणतो. यावर आमच्या गावातले एक वडीलधारे म्हणत असत की पाखरे पेरीत नाहीत हे खरे, पण आम्ही पेरलेली ज्वारी मात्र खातात. थट्टा सोडली, तरी लक्षात घ्यायचे ते हे की येशू पेरू नका असे सांगत नाही. पाखरू पहाटेपासून चारा शोधत हिंडतेच. येशू मनाई करतो ती उद्याच्या भाकरीसाठी आज जीव कुरतडून घेण्याला, आणि कारणही देतो: या गोष्टींची तुम्हाला गरज आहे हे तुमच्या पित्याला ठाऊक आहे.

नहेम्याचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. त्याच्या देखरेखीखाली लोक यरुशलेम शहराचा पडलेला कोट बांधत असताना शत्रू चाल करून येणार असे कळले, तेव्हा लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला (नहेम्या ४:९, म्हणजे नहेम्याच्या पुस्तकाचा चौथा अध्याय, नववे वचन). दोन्ही गोष्टी एकाच वचनात आहेत. रानडुकरांसाठी जागलीला जाणाऱ्या माणसाने हे वचन पाठच करावे: मचाणावर बसून प्रार्थना करायला कोणाची हरकत नाही, पण प्रार्थना केली म्हणून जागल सोडू नये.

"मी" अशी खूण असलेल्या ओळींपैकी एकच काम उद्यासाठी निवडा. सगळी कामे एकदम हाती घेतली तर दुपारपर्यंत धीर सुटतो.

३. "देव" अशी खूण केलेल्या ओळी नाव घेऊन प्रार्थनेत मांडा

फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील सहावे व सातवे वचन या पायरीचा पाया आहे. कशाचीही चिंता न करता प्रत्येक गोष्ट प्रार्थना, विनंती आणि आभार यांसह देवाला कळवावी, म्हणजे सर्व बुद्धीच्या पलीकडची देवाची शांती तुमची अंतःकरणे राखील, असे प्रेषित पौल तिथे लिहितो. हे पत्र त्याने बेड्यांत असताना लिहिले, हे विसरू नये. शिवाय समाधानी राहायला मी शिकलो आहे, असे तो त्याच अध्यायात म्हणतो. पहिल्याच दिवशी जमले, असे म्हणत नाही.

नवख्या माणसाला शब्द सुचत नाहीत आणि पाळकसाहेबांसारखी लांब प्रार्थना आपल्याला येत नाही म्हणून तो संकोचतो. इतकी प्रार्थना पुरेशी आहे:

"हे बापा, बँकेचे देणे थकले आहे, ते तुला माहीत आहे. मला भीती वाटते. उद्या मी बँकेत जाणार आहे. माझ्या तोंडी नीट शब्द दे, आणि साहेबांच्या मनात दया दे. आज घरात पीठ आहे, लेकरे बरी आहेत, त्याबद्दल तुझे आभार मानतो. येशूच्या नावाने मागतो. आमेन."

मला भीती वाटते, हे वाक्य गाळू नका. स्तोत्रे रचणाऱ्या दावीद राजाने ते गाळलेले नाही. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत तो "किती काळ?" असे चार वेळा विचारतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याच्या शेवटी कोणताही दिलासा नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. देवासमोर रडगाणे गाऊ नये, असे कोणी म्हणाले तर त्याला ही दोन स्तोत्रे वाचायला द्यावीत.

आभार मानायचे ते नुकसानीबद्दल नव्हेत, तर नुकसानीतही जे शिल्लक आहे त्याबद्दल. गारपीट झाली म्हणून उपकार मानावेत, अशी अपेक्षा देव करीत नाही.

एकच मागणी पुन्हा पुन्हा केली तर देवाला कंटाळा येईल का, असेही विचारले जाते. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने तेच शब्द तिसऱ्यांदाही म्हणून प्रार्थना केली (मत्तय २६:४४), आणि तो दुःखाचा प्याला त्याच्यासमोरून टळला नाही. म्हणून मागत राहावे. आणि मागितले ते मिळालेच पाहिजे, असा दावाही मांडू नये. पूर्वी नवस बोलण्याची सवय असलेल्यांना हे जरा अवघड जाते. काम झाले तर अमुक देईन, अशी बोली इथे नसते. मूल बापाकडे मागते, तसे मागायचे असते, आणि बापाचा नकारही ऐकून घ्यायचा असतो.

४. रोज थोडेच वाचा, पण सलग वाचा

बायबल डोळे मिटून उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठी समजायचे, ही सवय सोडून द्यावी. त्याने एखाद्या दिवशी दिलासा मिळतो आणि दुसऱ्या दिवशी धसका बसतो. पहिल्या आठवड्यासाठी हा क्रम घ्या: मत्तय ६:२५-३४, स्तोत्र १३, १ राजे १९:१-९, २ राजे ४:१-७, फिलिप्पैकरांस ४:४-१३, १ पेत्र ५:६-११, स्तोत्र ५५. वाचन सकाळी गोठ्यातले काम आटोपल्यावर करावे. पेरणी व वेचणीच्या दिवसांत सकाळ मिळत नाही. तेव्हा दुपारची शिदोरी सोडण्याआधी एकच वचन वावरातच म्हणावे आणि तेवढ्यावर समाधान मानावे.

५. रात्रीसाठी वेगळी तयारी करा

चिंतेचा जोर रात्री अधिक असतो, आणि थकलेल्या शरीराला विश्वासही जड जातो. वर दिलेला १ राजे १९ हा भाग त्यासाठीच आहे. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो, इतका तो खचलेला आहे. देव त्याला उपदेश करीत नाही. दूत त्याला स्पर्श करून उठवतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदाही उठवून त्याला खाऊ घालतो, आणि बोलणे त्यानंतर होते. रब्बीत ओलितासाठी रात्रीची वीज मिळते, तेव्हा झोप मोडतेच. अशा दिवसांत दुपारी तासभर पडणे हा आळस नव्हे. रात्री डोळा लागत नसेल, तर वहीतली ती ओळ पुन्हा वाचून, ही मी तुझ्या हाती दिली आहे, एवढेच म्हणा. त्या वेळी नवा हिशेब मांडू नका. रात्री दोनला केलेला हिशेब सकाळपर्यंत टिकत नाही. झोप येण्यासाठी दारू घेण्याचा मार्ग कोणीतरी सुचवतोच. त्याने झोप लागते आणि कर्ज वाढते.

६. एकाला सांगा, साऱ्या गावाला नको

गेथशेमानेत येशूनेही तिघांना जवळ घेतले आणि माझ्याबरोबर जागे राहा, असे म्हटले. तुम्हालाही एक माणूस लागतो. घरातून सुरुवात करा: कर्जाचा खरा आकडा आधी बायकोला सांगा. आमच्या भागात हेच सर्वांत उशिरा होते, आणि पुष्कळदा तिला तो आधीच कळलेला असतो. त्यानंतर पाळक, फादर, किंवा मंडळीतला तोंडाचा पक्का असा एखादा वडीलधारा निवडा. पुष्कळ खेड्यांत पाळक पंधरवड्यातून एकदाच येतात. त्यांना आधी फोन करून वेळ मागून घ्यावी, उपासना सुटल्यावरच्या गर्दीत हा विषय काढू नये.

घरसभेत प्रार्थनेची विनंती करताना किती सांगायचे, ते तुम्ही ठरवा. "माझ्या घरच्या अडचणीसाठी प्रार्थना करा" एवढे पुरते. आणि दुसऱ्याची विनंती ऐकणाऱ्याने ती पाणवठ्यावर नेऊ नये. अमक्यासाठी प्रार्थना करा, त्याच्याकडे सावकार येऊन गेला, अशा वाक्यांनी प्रार्थनेच्या नावाखाली घरे उघडी पडतात, आणि एकदा पोळलेला माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. कोणाच्या घरी भेटायला जाल, तर याकोबाच्या पत्रातील दुसरा अध्याय आठवून जा: उघड्या-उपाशी माणसाला, सुखाने जा, असे नुसते म्हणणाऱ्याचा विश्वास तो निर्जीव ठरवतो. पायलीभर ज्वारी नेता येत असेल तर न्यावी, नाहीतर त्याच्या निंदणाला एक दिवस हात लावावा.

७. हे सापळे ओळखा

चिंता वाटली म्हणजे पाप झाले, असे सांगणारे भेटतील. येशू आपल्या पाहुणचाराच्या धावपळीत असलेल्या मार्थेला, तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी करतेस, असे म्हणतो, तेव्हा तो तिला दोनदा नाव घेऊन हाक मारतो. तिला झिडकारत नाही.

दुसरा सापळा मोबाइलवरचा आहे. "विश्वासाचे बियाणे पेरा, शंभरपट मिळेल" असे म्हणत पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड दाखवणारे प्रचारक कर्जबाजारी माणसाला लवकर गाठतात. पेरणाऱ्याच्या दाखल्यातले बी म्हणजे देवाचे वचन, हे येशूने स्वतःच सांगितले आहे (मार्क ४:१४, लूक ८:११). तिथे रुपयांचा विषयच नाही. आपल्या मंडळीला स्वखुशीने दान द्यावे, पण कर्ज काढून देऊ नये, आणि कर्ज फिटावे म्हणून तर मुळीच देऊ नये.

तिसरा सापळा औषध बंद करण्याचा. आजारी पडलेल्या हिज्कीया राजाला तू बरा होशील असे देवाचे वचन मिळाले होते, तरीही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला सांगितले (यशया ३८:२१). रक्तदाबाची, साखरेची किंवा मनाच्या आजाराची गोळी डॉक्टरांना न विचारता सोडणे हा विश्वास नव्हे.

चौथा सापळा, सावकाराशी भांडण नको म्हणून गप्प राहण्याचा. परवाना नसताना व्याजाने पैसे देणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, या कार्यालयात करता येते. क्षमा करणे आणि अन्याय मुकाट्याने चालू देणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

८. केव्हा थांबायचे नाही, लगेच मदत घ्यायची

आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशात मन लागत नाही, किंवा आपण नसलेलेच बरे असे विचार येतात, अशी स्थिती असेल तर वही-प्रार्थनेच्या पायऱ्यांवर एकट्याने विसंबू नका. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते, मराठीतही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. घरच्यांनी फवारणीची औषधे त्याच दिवशी घरातून हलवून विश्वासू शेजाऱ्याकडे कुलपात ठेवावीत आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. एलीयाने मरण मागितले म्हणून देवाने त्याला टाकून दिले नाही, हे त्याला सांगावे, पण दवाखान्याच्या वाटेवर सांगावे.

९. पंधरवड्यातून एकदा वही मागे उलटा

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी जुनी पाने वाचा. जे काम झाले त्यावर रेघ मारा आणि काय झाले ते बाजूला दोन शब्दांत लिहा. जे झाले नाही तिथे "नाही" असेच लिहा. मनाची समजूत घालण्यासाठी तिथे वचन चिकटवू नका. काही ओळी कधी खोडल्या जाणार नाहीत, त्या पुढच्या पानावर तशाच उतरवून घ्या. ज्या चिंता आपोआप विरून गेल्या त्यांच्याकडेही पाहा. "लोक काय म्हणतील" ही ओळ बहुधा त्यांतच सापडते. वही भरली तरी फाडू नका. पुढच्या मृगात, पेरणीच्या तोंडावर, ती पुन्हा लागते.